सत्तेचाळीस नंबरसाठी लिस्बन

"तुमच्याकडे पोर्तुगीज येणारं कुणी आहे का?" मुंबईच्या ऑपरेटरनं विचारलं. "नसलं तर आमच्याकडे एक मुलगी आहे. ती इथूनच रिले करील."

मी हेडफोन कानावर घट्ट दाबला आणि शेजारी पाहिलं. एर्मेलिंदा आपल्या बोर्डवरच्या कॉर्ड जागच्या जागी लावत होती. शनिवारची दुपार, साडेतीन वाजलेले. आमचं गाव जेवून आडवं झालं होतं, त्यामुळे बोर्डवरही सामसूम होती.

"आहे, आमच्याकडेच आहे," मी म्हटलं. "तुम्ही फक्त लाइन द्या."

एवढी दोनच वाक्यं. इंग्रजीतली, चटकन बोललेली. त्यांच्यापायी मी आज हे लिहायला बसले आहे.

दक्षिण गोव्यातल्या त्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ७२ साली लागले. ही हकिगत ७५ची, म्हणजे मी चोवीस वर्षांची होते, इंग्रजी बेळगावच्या कॉलेजात शिकले होते आणि मला सगळं कळतं असं मला वाटत होतं. एर्मेलिंदा रेबेलो माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. पोर्तुगीज अमदानीपासून ती त्याच बोर्डवर, त्याच खुर्चीत बसत आली होती. एकसष्ट साली सरकार बदललं. मग पुण्याहून एक साहेब आले आणि त्यांनी तिच्या हातात इंग्रजी वाक्यांचा टाइप केलेला कागद ठेवला. तो तिनं आठवड्यात पाठ केला. तरी सकाळची पहिली कॉर्ड लावताना तिच्या तोंडून हटकून 'नूमेरु, फाझ फावोर' निघायचं आणि मग जीभ चावून ती 'नंबर प्लीज' म्हणायची. मी तिला हसायची. ती मलाही हसायची, कारण माझं 'हॅलो' म्हणे फार मोठ्यानं असायचं.

"हॅलो म्हणजे काय गो?" ती एकदा म्हणाली. "काहीच नाही. नुसती हाक. आमचा माणूस फोन उचलून विचारतो, इश्ता ला? आहेस का तिथं? म्हणजे बोलायच्या आधी माणूस आहे का बघतो."

एक्स्चेंज या शब्दावरही तिचा राग होता. जुने भाटकार, म्हणजे जमीनदार, फोन उचलून अजून 'सेंत्राल' म्हणत, तेच तिला बरं वाटे. एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल, तो बाजार झाला. सेंत्राल म्हणजे मधली जागा, आपण फक्त मधे बसायचं, असं ती म्हणायची. मधे बसणाऱ्यानं काय करायचं आणि काय नाही, याचे तिचे नियम सरकारी नियमांपेक्षा कडक होते. आम्ही दोघी कोकणीत बोलत असू. इथं मी मराठीत लिहिते आहे, त्यामुळे तिच्या बोलण्यातला गोडवा थोडा कमी झाला असेल.

तिच्या नियमांपैकी दोन सांगायलाच हवेत.

पहिला रिलेचा. तेव्हा लांबच्या ट्रंकवर आवाज इतका बारीक यायचा, की दोन्हीकडच्यांना एकमेकांचं काही ऐकू येत नसे. अशा वेळी मधली ऑपरेटर एकीकडचं ऐकून दुसरीकडे सांगायची. पण 'तो म्हणतो', 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही. पलीकडचा 'मी आजारी आहे' म्हणाला, की आपणही 'मी आजारी आहे' असंच म्हणायचं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. त्यामुळे मी एकदा कुडाळच्या एका व्यापाऱ्याला, त्याची बायको होऊन, 'तुम्ही मला न्यायला येणार की मी इथंच मरू' असं चांगलं खडसावून विचारलं होतं, आणि एर्मेलिंदा पदर नव्हता म्हणून फ्रॉकची कॉलर तोंडात धरून हसत होती.

दुसरा नियम कुठल्याच कागदावर नव्हता. घरचा कॉल आला की बोर्डवरून हात काढायचा. स्वतःच्या माणसाचा कॉल स्वतः जोडायचा नाही, शेजारणीनं घ्यायचा. माझे वडील हॉस्पिटलात होते तेव्हा एका सकाळी पणजीहून कॉल आला. एर्मेलिंदानं माझ्या हातातली कॉर्ड काढून घेतली, सगळं ऐकलं, कॉलच्या तिकिटावर मिनिटं लिहिली आणि मग पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. वडील गेल्याचं मला तिनं सांगितलं. एखाद्या परक्या आवाजानं ते माझ्या कानात ओतलं असतं तर काय झालं असतं, हे मला तेव्हा कळलं होतं. कळूनही उपयोग झाला नाही.

आता वाल्देमारबद्दल. वाल्देमार बार्रेटो पोर्तुगीज सरकारच्या कचेरीत कारकून होता. एर्मेलिंदाशी त्याचं ठरलं होतं, पाद्रीसुद्धा ठरला होता. एकसष्टच्या डिसेंबरात तो बोटीनं लिस्बनला गेला. सहा महिन्यांत परत येतो, नाहीतर तुला बोलावून घेतो, असं सांगून गेला. दोन सरकारांचं बोलणं तुटलं, टपाल तुटलं. पहिली दोन वर्षं नैरोबीच्या त्याच्या चुलत्याकडून फिरून फिरून पत्रं आली, मग तीही थांबली. एर्मेलिंदाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. सरकारं बोलत नाहीत तर माणसं कशी बोलणार, असं ती म्हणायची, आणि हे तिनं इतक्यांदा म्हटलं होतं की आम्हा सगळ्यांना ते पटलं होतं. बेळगावला सुपरवायझर म्हणून जायची बढती तिनं दोनदा नाकारली. उद्या लाइन सुरू झाली तर तो याच बोर्डवर मला शोधणार, मी बेळगावात काय करू, हे तिचं कारण होतं.

दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ती वाल्देमारच्या आईकडे जायची. दोना क्लारीस सत्तरी ओलांडलेली, मोठ्या घरात एकटी. एर्मेलिंदा तिचे केस विंचरायची, सोप, म्हणजे सूप, करून ठेवायची, संध्याकाळी घरी परतायची. चौदा वर्षांत एकही रविवार चुकला नसेल.

चौऱ्याहत्तरच्या शेवटी दोन्ही सरकारांचा समेट झाल्याची बातमी आली. एर्मेलिंदानं त्या आठवड्यात नवा फ्रॉक शिवायला टाकला. निळा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. आता कसली अडचण नाही, ती म्हणाली. मीही तिच्याबरोबर नाचले. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा जास्त मीच वाट पाहत होते. लग्नात काय नेसायचं तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

आणि मग तो शनिवार. मुंबईनं मला सांगितलं : लिस्बनहून, लंडनमार्गे, नंबर सत्तेचाळीस, व्यक्ती क्लारीस बार्रेटो, बोलणारा वाल्देमार बार्रेटो. लाइन वाईट आहे, म्हातारीला काही ऐकू येणार नाही, रिले लागेल.

मी मुंबईच्या मुलीला नको म्हटलं. चौदा वर्षांनी त्याचा आवाज येतोय आणि तो कुणी तिसरीनंच ऐकायचा, हे माझ्या मनाला पटेना. मी एर्मेलिंदाला नुसतं म्हटलं, "लिस्बन आहे. रिले हवाय, पोर्तुगीज. सत्तेचाळीसला."

तिचा हात हवेतच थांबला. सत्तेचाळीस म्हणजे कुठलं घर हे तिला सांगायला नको होतं.

"मी कशी घेऊ?" ती हळूच म्हणाली. "हा घरचा कॉल."

"अजून घरचा झालाय कुठं?" मी म्हटलं. "आधी लग्न तर कर."

ती हसली. लाजलीसुद्धा. सदतीस वर्षांची बाई माझ्यासमोर लाजली, ते मी पाहिलं. तिनं कपाळावर, छातीवर क्रुसाची खूण केली, हेडफोनचा माउथपीस ओठांजवळ आणला आणि सत्तेचाळीसची घंटी वाजवली.

"इश्ता ला?" ती म्हणाली. "इश्ता ला, लिझबोआ?"

मला पोर्तुगीज येत नाही. माझ्या कानावर फक्त एर्मेलिंदाचा आवाज पडत होता, तोही एकाआड एक दोन माणसांचा. एकदा ती मुलगा होऊन आईशी बोलत होती, एकदा आई होऊन मुलाशी. पेन्सिल हातात होती आणि समोरच्या घड्याळाकडे बघून ती तिकिटावर मिनिटं लिहीत होती. मधेच ती 'आव्हो' म्हणाली. आजीला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात एवढं गोव्यात कुणालाही ठाऊक असतं. मला वाटलं, जुन्या कुणा आजीची चौकशी चालली असेल.

मग मी तिच्या तोंडून तिचंच नाव ऐकलं. 'एर्मेलिंदा', ती म्हणाली. पुन्हा थोड्या वेळानं, 'एर्मेलिंदा'. एखाद्या दुसऱ्याच बाईबद्दल बोलावं तसं. मला इतका आनंद झाला की मी माझ्या गुडघ्यानं तिचा गुडघा ढोसला आणि डोळा मारला. विचारतोय ना तुझ्याबद्दल, असं मला म्हणायचं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, नियम पाळतेय.

त्यानंतर ती बराच वेळ गप्प होती. म्हातारीचं बोलणं चाललं असेल असं मी धरलं. शेवटी ती लिस्बनला एकच शब्द बोलली, निरोपाचं काहीतरी बोलली, दोन्ही कॉर्ड काढल्या आणि तिकिटावर मिनिटं लिहिली. सहा. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"पाच मिनिटं बघशील?" ती म्हणाली आणि नळाकडे गेली.

परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. सहा वाजेपर्यंत तिनं ड्यूटी केली. वास्को, कारवार, मडगाव, जो मागेल तो नंबर दिला. एकही कॉर्ड चुकली नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते, कारण तोवर मला काहीतरी कळायला लागलं होतं, पण काय ते कळत नव्हतं.

सहाला आम्ही जिना उतरलो. शेवटच्या पायरीवर ती बसली. मग तिनं मला तो कॉल सांगितला. अगदी रिले केल्यासारखा, 'तो म्हणाला' न म्हणता.

"आई, मी वाल्देमार. तुझा आशीर्वाद दे. तू बरी आहेस ना." मग आईचं. "बरी आहे. आज जास्त बोलू नको, पत्र लिही." मग मुलाचं. "चौदा वर्षांनी बोलतोय आणि पत्र लिही काय म्हणतेस. मुलं इथं उभी आहेत. मोठी आठ वर्षांची आहे, धाकटा पाचचा. ही बघ, ही आव्हो म्हणतेय तुला. तेरेझाही आहे, तिलाही आशीर्वाद दे."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो मांडीवरच ठेवला.

"एर्मेलिंदा अजून येते का तुझ्याकडे? तिला सांगितलंस ना, आई? माझं लग्न ठरलं तेव्हाच मी तुला लिहिलं होतं, तिला सांग, माझी वाट पाहू नको म्हणावं." ती थांबली. मग आईचं वाक्य सांगितलं. "सांगितलं."

पुढचं तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. रस्त्यावरून पाववाला सायकलचा हॉर्न वाजवत गेला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मुंबईला पोर्तुगीज येणारी एक मुलगी आहे," ती म्हणाली. "दोना ग्रासा म्हणून. तिनं रिले करू का म्हणून विचारलं नाही?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"विचारलं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी मी घेतल्या असत्या. ती उठली, फ्रॉकची मागची धूळ झटकली आणि मला म्हणाली, "उद्या तुझी सकाळची आहे ना? लवकर झोप."

मला वाटलं होतं, मी तिला बक्षीस देतेय. ज्या बाईनं माझ्या बापाच्या मरणाची बातमी आपल्या कानावर घेऊन मला पाण्याबरोबर पाजली, तिच्या कानात मी हे घातलं, आणि वर तिच्याच तोंडून वदवून घेतलं. पुढे मी लग्न केलं, पोरं वाढवली, रिटायर झाले, पण हे मला कधी हसून बाजूला सारता आलं नाही.

दोन महिन्यांनी बेळगावची बढती तिसऱ्यांदा आली आणि एर्मेलिंदा गेली. निळा फ्रॉक तिनं मी असताना तरी कधी घातला नाही. जाताना बोर्डवरची सगळी मंडळी स्टँडवर आली होती, तिनं सगळ्यांना मिठी मारली, मलाही. पुढे बेळगावची ट्रंक लावताना कधी कधी तिचाच आवाज यायचा. मी माझं नाव सांगायची. "बोल, कुठला नंबर?" ती विचारायची. मी नंबर सांगायची, ती जोडून द्यायची.

आणखी वर्षभरानं एका दुपारी सत्तेचाळीसचा खटका पडला. मी प्लग लावला तर म्हातारा, घोगरा आवाज. "सेंत्राल? एर्मेलिंदाच्या शेजारी बसायची ती तूच का गो? एकदा घरी ये."

दोना क्लारीस पलंगावर होती. अंगात काही उरलं नव्हतं. केस मोकळे, गुंता झालेला. मोलकरणीला तिनं बाहेर पाठवलं आणि मला जवळ बसवलं. मी मनातून तिच्यावर संतापले होते. आपल्या वाटणीचा दोष दुसऱ्यावर ढकलायला मिळाला तर कुणाला नको असतो.

ती आढेवेढे न घेता बोलली. वाल्देमारचं लग्नाचं पत्र नैरोबीहून आलं तेव्हा तिला ते एर्मेलिंदाला सांगायचंच होतं. पुढच्या रविवारी सांगू, असं तिनं ठरवलं. तो रविवार गेला. सांगितलं की ही यायची थांबणार, मग आपलं कोण, ही भीती. नऊ वर्षं ती दर रविवारी उद्यावर ढकलत राहिली. आणि त्या शनिवारी फोन उचलला तर मधे एर्मेलिंदाचाच आवाज.

"मी तिला ओळखलं," ती म्हणाली. "त्याला सांगायचं होतं, गप्प बस, मधे ती आहे. पण मी जे बोलणार ते तीच त्याला सांगणार. कसं सांगू? म्हणून खोटं बोलले, सांगितलं म्हणून. तिनं तेही जसंच्या तसं सांगितलं."

मी तिची उशी थोडी वर सरकवली.

"मग त्यानं विचारलं, तिनं मला माफ केलं का, आई? ते तिनं मला विचारलं. तिच्याच आवाजात. माझी जीभ उचलेना. कितीतरी वेळ मी नुसतीच फोन धरून बसले. मी एक शब्द बोलले नाही, बाय. देवाशपथ, एक शब्द नाही." तिला धाप लागली. "तर तीच त्याला म्हणाली, केलं."

एर्मेलिंदानं नोकरीत सांगितलेलं ते एकमेव वाक्य असेल, जे दोन्हीकडच्या कुणीच उच्चारलं नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी रविवार होता," म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, येणार नाही. ती आली. सोप केलं. माझे केस विंचरले. त्याबद्दल ती बोलली नाही, मी बोलले नाही. बेळगावला जाईपर्यंत आठ रविवार आली. आठही रविवार मी गप्प बसले."

तिनं माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, तरी सोडवेना.

"त्याला केलं, ते मी कानांनी ऐकलं. तू तिची मैत्रीण. तुला काही बोलली असेल जाताना." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "तिणें म्हाका माफ केलें गो?"

मला ते कसं ठाऊक असणार? एर्मेलिंदा मला तसलं एक अक्षरही बोलली नव्हती, ना हिच्याबद्दल, ना माझ्याबद्दल. हाच प्रश्न मी दोन वेळा बेळगावच्या लाइनवर विचारायला गेले होते आणि दोन्ही वेळा नंबर सांगून मोकळी झाले होते.

उशाशी फणी पडली होती. ती घेऊन मी म्हातारीच्या डोक्याशी बसले आणि केसांतला गुंता सोडवू लागले.

"केलें," मी म्हटलं.